किल्ली हातीं येण्यापूर्वीं

'घर पाहावें बांधून' ही म्हण झाली तेव्हां घरधनी गवंड्यापाशीं उभा असे. पायांत काय पडलें, वीट कशी भाजली, हें सारें त्याच्या नजरेखालून जाई. आजच्या पुण्यामुंबईच्या गृहस्थाला घर दिसतें तें रंग चढल्यावर. ज्या वास्तूंत आयुष्याची पुंजी आणि पुढील वीस वर्षांचें कर्ज घातलें, तिच्या भिंतींच्या पोटांत काय आहे याची त्याला गंधवार्ताहि नसते. म्हणून ताबा घेण्यापूर्वीं, मेहनताना आपण स्वतः देऊन, एखाद्या स्थापत्य-अभियंत्याकडून घराची तपासणी करवून घ्यावी असें माझें आग्रहाचें सांगणें आहे.

कोणी म्हणेल, भोगवटा प्रमाणपत्र असतांना ही उठाठेव कशाला? तें प्रमाणपत्र हवेंच; त्यावांचून किल्ली घेऊं नये. परंतु त्याचा संबंध मंजूर नकाशाशीं आणि इमारत राहण्यास योग्य असण्याशीं. तुमच्या न्हाणीघराचा उतार कोणीकडे आहे, हें तें सांगत नाहीं. विकासकाचा अभियंताहि घर हौसेनें दाखवितो. पण त्याचा पगार कोठून येतो, हें आपण ओळखून असावें.

चांगला तपासनीस फरशी ठोकून पाहतो. खालीं माल नीट भरला नसेल तेथें आवाज पोकळ येतो. न्हाणीघराचें जाळीचें तोंड बुजवून तो दिवसभर पाणी तुंबवितो आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते का तें पाहतो. (त्या जाळीखालच्या भांड्याला कारागीर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, इंग्रजी शब्दाला आपली न्हाणी अशी जाऊन चिकटली!) विजेच्या प्रत्येक प्लगापर्यंत अर्थिंग पोहोंचलें आहे का, हेंहि तो तपासतो. खिडकीच्या चौकटीभोवतालची फट मात्र पावसाळ्यांतच बोलते. तपासणी भर पावसांत झाली तर तें भाग्यच समजावें. शेवटीं फितीनें चटई क्षेत्र मोजावें. त्यांत बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरावयाची नसते, आंतल्या आडभिंती धरावयाच्या असतात.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ प्रमाणें ताबा दिल्यापासून पांच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिल्यास विकासकानें तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. मग आधींच घाई कां? बिऱ्हाड मांडल्यावर वाद निघतो: गळती मूळच्या कामाची, कीं तुम्हीं नंतर भिंत फोडून नळ बसविला त्याची? ताब्यापूर्वींचा तारीखवार अहवाल जवळ असला म्हणजे या वादाला फारशी जागा उरत नाहीं. शिवाय शेवटचा हप्ता बहुधा ताब्याच्या वेळीं द्यावयाचा असल्यानें तोंवर आपल्या शब्दाला वजन असतें. अर्थात् हप्ता उगाच अडवूं नये; व्याज अंगावर येतें. आणि भोगवटा प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत ताबा घेणें हें खरेदीदारावरहि बंधन आहे. म्हणूनच 'माझ्या अभियंत्यास तपासणीची मुभा राहील' हें वाक्य करारनाम्याच्या वेळींच लिहून घ्यावें. त्यावर विकासकाच्या कपाळाला आठी पडली, तर तीहि ध्यानांत ठेवण्याजोगी.

अहवालाची एक प्रत विकासकास देऊन दुसरीवर पोंच घ्यावी. दुरुस्ती झाली असें कळल्यावर त्याच अभियंत्याला पुन्हां एकदां न्यावें. नुसता रंगाचा हात फिरविला तरी ओल कांहीं दिवस दिसेनाशी होते.