संप्रेरक किती, आणि कोणतं?

रक्ततपासणीच्या अहवालात ‘ग्रोथ हार्मोन’ किंवा ‘प्रोलॅक्टिन’पुढे एकच आकडा छापलेला असतो, पण तो एकाच रेणूचा नसतो. पिट्युटरी ग्रंथीतल्या वाढ-संप्रेरकाचा मुख्य प्रकार 191 अमिनो आम्लांचा, 22 किलोडाल्टनचा. त्याच जनुकाच्या संदेशाची काटछाट जरा वेगळी झाली, की 15 आम्लांचा तुकडा गळतो आणि 20 किलोडाल्टनचा धाकटा भाऊ तयार होतो. तो प्रमाणानं थोडा, मग त्याची दखल कशाला, असं कुणी म्हणेल. पण 2004च्या अथेन्स ऑलिंपिकमधली उत्तेजक-चाचणी अशाच फरकावर उभी होती. टोचून घेतलेल्या औषधात फक्त 22चा प्रकार असतो. शरीर स्वतःचा स्राव आवरतं आणि प्रकारांचं गुणोत्तर बिघडतं. एकूण आकडा इथे कुचकामी, कारण तो व्यायामानं आणि झोपेनंही वर-खाली होतो. अर्थात, चाचणीला उशीर झाला की माग हरवतो.

प्रोलॅक्टिनचा प्रश्न तर थेट दवाखान्यातला. काहींच्या रक्तात ते प्रतिपिंडाला चिकटून राहतं. त्याला मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात. ही अवजड जोडी रक्तातून लवकर हटत नाही, आकडा फुगवते, पण शरीरावर तिचा परिणाम फारसा होत नाही. पाळी नियमित, तक्रार काही नाही, तरी मेंदूचा एमआरआय आणि विनाकारण गोळ्या! वेगळी तपासणी म्हणजे जादा खर्च, हा आक्षेप फार टिकत नाही: सीरममध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिसळून फिरवलं की ही जोडी तळाशी बसते, आणि वरच्या द्रवातलं प्रोलॅक्टिन पुन्हा मोजता येतं. तेही जास्त निघालं, तर मात्र पुढचा तपास टाळता येत नाही.