शाळा आमची, खुर्चीही हवी

(आजरा येथील शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेत झालेले भाषण)



पाटाच्या पाण्याचा न्याय तुम्हांला शिकवायला नको. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत, त्याचे आधी भिजते. शेवटच्या माणसाची पाळी ठरलेली नसेल, तर त्याचा वाफा कोरडाच राहतो. शिक्षणाचा पाटही असाच वाहतो. त्याचे तोंड कोल्हापुरात, आणि आपला आजरा शेवटच्या टोकाला.

हे दुखणे जुने आहे. संस्थानी अमदानीत आजरा हा इचलकरंजी जहागिरीचा महाल होता. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. कारभारी बदलले, अंतर तेवढेच राहिले.

सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते, मग विद्येचा पैसा वरच्या वर्गांवरच का खर्च होतो, असा रोखठोक सवाल जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे टाकला. शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्यांनी शाळा रयतेच्या दारात आणली. ती दारातून जाऊ न देणे हे आता आपले काम.

कारण ती जाऊ शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा सुमारे पावणेपंधरा हजार शाळा होत्या. त्या वेळी आपल्या जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेला एकही सभासद नव्हता! मार्च २०२२ मध्ये मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. मग वाडीच्या शाळेची बाजू मांडायची कोणी?

सभासद असतात तेव्हा तरी काय होते? २०१७ च्या निवडणुकीत जिल्हा परिषदेच्या ६७ जागांपैकी आजऱ्याच्या होत्या ३. डोकी मोजली तर हा हिशेब खोटा नाही. पण शिक्षण समिती हेच सभासद आपल्यातून निवडतात. तिथे तीन हातांनी काय साधणार?

कोणी म्हणेल, "आमच्या तालुक्यात मुले जास्त, तर आमचा आवाजही जास्त." कबूल. मुलांच्या संख्येप्रमाणे पैसा घ्या, मास्तर घ्या. पण खुर्ची नुसत्या डोक्यांवर वाटू नका, वाटही मोजा. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. नकाशावरचे एक किलोमीटर शिरोळच्या सपाटीवर वेगळे आणि आजऱ्याच्या डोंगरात वेगळे. इथे पावसाळ्यात ओढा फुगतो, वाटेत गवे उभे राहतात, कधी हत्तीही उतरतो. सहा वर्षांच्या पोरीला त्या वाटेने धाडणाऱ्या आईचे काळीज नकाशात दिसत नाही. ते सांगणारे माणूस बैठकीतच बसलेले पाहिजे.

म्हणून आपली मागणी सरळ आहे. जिल्ह्याचे तालुके बारा. शिक्षण समितीत प्रत्येक तालुक्याची एक खुर्ची आधी ठरवा. उरलेल्या खुर्च्या खुशाल लोकसंख्येप्रमाणे वाटा.

मात्र आपल्यालाही एक कडू गोष्ट ऐकली पाहिजे. आजऱ्याची खुर्ची बाजारपेठेतल्याच चार घरांत फिरली, तर कोल्हापूरवर बोट दाखवण्याचा हक्क आपण गमावू. तालुक्याने जिल्ह्याकडे जो न्याय मागायचा, तोच वाडीला आधी द्यायचा. २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणहिश्श्याने पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. त्या समितीत कुंभारवाड्यातली, धनगरवाड्यावरली आई खरोखर बोलते, की कोरऱ्या कागदावर अंगठा उठवून घरी जाते? हे उद्याच आपापल्या शाळेत जाऊन पाहा.

आणि येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. आपल्या शाळेचा पट लिहा, वाटेतले ओढे लिहा, मुलांना चालायला लागणारा वेळ लिहा. पाळी मागितल्याशिवाय शेवटच्या शेताला पाणी मिळत नाही. ती मागायला लाजू नका!