कामकऱ्याच्या अंगावरचें कापड
(वीर येथें गांवकऱ्यांच्या सभेंत झालेलें भाषण)

१९९३ सालीं कोंकण रेल्वेचा रोहें ते वीर हा तुकडा सुरू झाला आणि आपल्या गांवाला स्टेशन आलें. महाडची औद्योगिक वसाहतही जवळच. आज आपल्या पुष्कळ घरांत एक भाऊ नांगरामागें, तर दुसरा रसायनाच्या कारखान्यांत आहे. मुलगा कामावर निघाला कीं आई भाकरी बांधून देते. पण त्याच्या पायांत काय आहे, हें कोणी पाहत नाहीं. त्याविषयींच चार शब्द बोलण्यास आम्ही उभे आहों.

आमच्या हाताखालीं शिकलेला एक मुलगा ठेकेदारामार्फत एका कारखान्यांत लागला. त्याला बूट मिळाले, पण मापापेक्षां मोठे. आणि त्यांची किंमत पगारांतून कापली. बूट ढिले पडूं नयेत म्हणून त्यानें विजारीचीं टोंकें आंत खोंवलीं. एके दिवशीं पिंपांतून आम्ल उसळलें, तें विजारीवरून ओघळून थेट बुटांत शिरलें. बूट काढीपर्यंत पाऊल भाजून निघालें. बूट होते, तरी पाऊल वांचलें नाहीं. कारण माप चुकलें, आणि आम्लाच्या कामांत विजार बुटाच्या बाहेर सोडावी, ही साधी रीत त्याला कोणीं सांगितली नाहीं.

लोहाराचा घण सोनाराच्या कामाचा नव्हे. तसेंच या कपड्यांचें आहे. कशापासून अंग राखावयाचें, हें आधीं विचारा. आगीजवळ नायलॉन किंवा टेरिलीन घालूं नका. तें वितळून कातडीस चिकटतें. त्यापेक्षां जाड सुती कापड बरें. पण सुती हातमोजा रसायन शोषून हातावर धरून ठेवतो. तेथें रबरी मोजा पाहिजे, आणि तोही त्या रसायनाला टिकणारा. तोंडाला बांधलेला रुमाल विषारी वाफ अडवीत नाहीं. गाळणीचा मुखवटाही बंद टाकींत कामाचा नाहीं, कारण तो हवा गाळतो, हवा देत नाहीं. फिरत्या यंत्रापाशीं उपरणें, मफलर, सुटा पदर, सैल बाही हे सर्व वैरी समजा. तेथें हातमोजाही गुंतून हात ओढून नेतो.

शेतकरी बांधवांनो, हें फक्त कारखान्याचें नव्हे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना सुमारें वीस शेतकरी-मजूर विषबाधेनें गेले आणि शेंकडों आजारी पडले. डब्यावरील त्रिकोण पाहत जा: तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यांत सौम्य. फवारतांना पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी मोजे, बूट, चष्मा व मुखवटा घाला आणि वाऱ्याकडे तोंड करूं नका. ते कपडे घरच्या धुण्यांत टाकूं नका. नाहींतर नवऱ्याच्या अंगावरचें विष बायकोच्या हातांस आणि मुलांच्या कपड्यांस लागतें.

मात्र कपडा घातला म्हणजे मालकाचें कर्तव्य संपलें, असें कोणी समजूं नये. ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं महाडच्या वसाहतींतील एका औषधी कारखान्यांत स्फोट होऊन आग लागली व अकरा कामगार प्राणांस मुकले. अशा आगीपुढें कोणतें कापड टिकणार? धोका मुळांत कमी करणें हें पहिलें काम. अंगावरचा कपडा ही शेवटची भिंत.

आणि ही भिंत कामकऱ्याच्या पैशानें बांधावयाची नाहीं. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. सुरक्षेसाठीं जें पुरविलें जाईल, त्याबद्दल कामगाराकडून पैसा घेऊं नये, असें ती सांगते. बूट ही मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे.

एकट्यानें मागितलें तर नोकरी जाण्याची भीति. म्हणून दहा जणांनीं मिळून मागा. आणि मायबहिणींनो, पुढच्या पगाराची चिठी घरीं आली कीं शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून ती मोठ्यानें वाचून घ्या. तींत बुटांचे पैसे कापलेले दिसले तर गप्प बसूं नका. आमच्या शाळेंत शिकलेलीं अक्षरें एवढ्या कामीं आलीं, तरी आमचें शिकविणें सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.