वर्तुळाचे समीकरण

तेलाच्या घाण्याला जुंपलेला बैल दिवसभर चालतो आणि जमिनीवर आपल्या खुरांनी एक वर्तुळ उमटवितो. त्याच्यावर बंधन असते ते एकच: मध्यापासूनचे त्याचे अंतर बदलत नाही. वर्तुळाची व्याख्या याहून निराळी नाही, आणि वर्तुळाचे समीकरण म्हणजे हेच बंधन संख्यांच्या भाषेत सांगणे होय. परंतु वरच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थी हे समीकरण अक्षरांची एक लांबलचक माळ म्हणून पाठ करतात, परीक्षेत ओततात आणि विसरून जातात. यात दोष त्यांचा थोडा; सूत्र आधी आणि अर्थ मागून, ही शिकविण्याची रीतच मुळात उलटी आहे.

कागदावर एकमेकांस काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा काढाव्या. त्या छेदबिंदूपासून किती उजवीकडे आणि किती वर, एवढे सांगितले की कोणत्याही बिंदूचा पत्ता मिळतो. वक्ररेषेला समीकरणाने ओळखण्याचा हा विचार रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३७ साली आपल्या भूमितीवरील प्रबंधात प्रसिद्ध केला. त्याच सुमारास पिएर द फेर्मा हा तुलूझचा न्यायाधिकारी स्वतंत्रपणे याच वाटेने गेला होता. परंतु त्याचा लेख छापून निघाला तो त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ साली.

आता केंद्र छेदबिंदूवर आणि त्रिज्या ५ मानावी. वर्तुळावरील बिंदू उजवीकडे क्ष आणि वर य इतका असेल, तर क्ष, य आणि त्रिज्या यांचा काटकोन त्रिकोण होतो. म्हणून पायथागोरसच्या सिद्धांताने क्ष-वर्ग अधिक य-वर्ग बरोबर २५. हे वाक्य पहाऱ्यावरील शिपायासारखे आहे. (३, ४) हा बिंदू आला, तर ९ आणि १६ मिळून २५ होतात. तो वर्तुळावरचा ठरतो. (४, ४) आला, तर बेरीज ३२ होते; तो बाहेरचा. विजापूरच्या गोलघुमटाच्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. एवढ्या प्रचंड घेराचे वर्णन करावयाचे तरी २५ च्या जागी २२ चा वर्ग, म्हणजे ४८४ लिहिले की झाले.

केंद्र सरकवून (३, ४) वर नेले की अंतरे तेथून मोजावी लागतात. म्हणून क्षमधून ३ आणि यमधून ४ वजा करावे लागतात: (क्ष उणे ३) चा वर्ग अधिक (य उणे ४) चा वर्ग बरोबर २५. वजाबाकीचे हे चिन्ह विद्यार्थ्यांना हमखास चकविते. कंसात ‘क्ष अधिक ३’ दिसले की केंद्र उजवीकडे ३ वर आहे असे ते धरून चालतात. वास्तविक ते डावीकडे, उणे ३ वर असते. चिन्ह पाठ करण्यापेक्षा आपण केंद्रापासून अंतर मोजीत आहोत हे ध्यानात ठेवले, तर घोटाळ्याला जागाच उरत नाही.

कंस सोडविले की केंद्र लपते आणि उरते ते असे: क्ष-वर्ग अधिक य-वर्ग उणे ६ क्ष उणे ८ य बरोबर शून्य. या रूपाचा उपयोग निराळा आहे. समजा, फुटक्या बांगडीचा एक तुकडा हाती आहे आणि तीवरून अखंड बांगडी केवढी होती ते काढावयाचे आहे. वर्तुळाच्या या रूपात अज्ञात संख्या तीनच: क्षचा सहगुणक, यचा सहगुणक आणि सुटी संख्या. तेव्हा तुकड्यावरील तीन बिंदू पुरतात. ते (०, ०), (६, ०) आणि (०, ८) आहेत असे मानू. पहिला बिंदू घालताच सुटी संख्या शून्य ठरते. दुसऱ्याने ३६ अधिक सहगुणकाची ६ पट बरोबर शून्य, म्हणून क्षचा सहगुणक उणे ६. तिसऱ्याने ६४ अधिक सहगुणकाची ८ पट बरोबर शून्य, म्हणून यचा उणे ८. सहगुणकांची निमपट करून चिन्ह बदलले की केंद्र (३, ४) परत हाती येते. दोन्ही पूर्ण वर्ग करण्यासाठी ९ आणि १६ मिळवावे लागतात, त्यांची बेरीज २५. म्हणजे त्रिज्या ५. मात्र तीन बिंदू एका सरळ रेषेत असले, तर असे वर्तुळ निघत नाही.

याच समीकरणात सुटी संख्या २५ घातली, तर त्रिज्या शून्य होऊन वर्तुळाचा नुसता बिंदू उरतो. ३० घातली, तर त्रिज्येचा वर्ग उणे ५ येतो. अशा वेळी समीकरण दिसावयास वर्तुळाचे, पण कागदावर त्याला एकही बिंदू नाही.

आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. (१६, ४) हा बाहेरचा बिंदू डाव्या बाजूस घालावा: २५६ अधिक १६, उणे ९६, उणे ३२, बाकी १४४. शून्य आले नाही म्हणून हे उत्तर फेकून देऊ नये. केंद्रापासून या बिंदूचे अंतर १३ आणि त्रिज्या ५. स्पर्शिका त्रिज्येशी काटकोन करते, म्हणून १६९ मधून २५ गेले की तिच्या लांबीचा वर्ग मिळतो, आणि तोही १४४ च. तेव्हा त्या बिंदूपासून वर्तुळाला काढलेली स्पर्शिका बरोबर १२ लांबीची आहे. ती मोजण्यासाठी आकृती काढण्याचीदेखील गरज पडली नाही.