गाठीच्या वेशीवर अडकलेले पहारेकरी



‘आरोग्यावर काहीतरी बोला’ असे कार्यकारिणीने सांगितले. मधुमेह आणि रक्तदाबावर डॉक्टरमंडळी दरवर्षी बोलतात, म्हणून आम्ही आमच्या टेबलावरचा विषय घेतला. आम्ही सरकारी प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, पदविकेवर नोकरीला लागलेले. निदान लिहिणे डॉक्टरांचे काम. पण शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुरवणे, मेणात बसवणे, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवणे हे आमच्या हातचे.

मनोहर पर्रीकर 17 मार्च 2019 रोजी गेले. त्यानंतर स्वादुपिंडाचा कर्करोग म्हणजे काय हे गोव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रिपोर्टच्या खिडकीशी नातेवाईक येतात आणि हळूच विचारतात, “भाऊ, किती दिवस?” अमेरिकेतल्या अलीकडच्या आकडेवारीप्रमाणे या रोगाचे शंभरातले सुमारे 13 रुग्ण पाच वर्षे जगतात. मग हे तेरा जण कोण, हे आधी कळेल का? त्या शोधात संशोधकांची नजर गाठीतल्या रोगप्रतिकारक पेशींकडे वळली.

ही गाठ मोठी विचित्र. फणस फोडल्यावर गरे थोडे आणि भोवतीचा चिवट पसारा जास्त, तसे तिचे असते. कर्कपेशी थोड्या, बाकी सगळे तंतूंचे दाट जाळे. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मोहरीच्या दाण्यांसारख्या गडद दिसतात. पण त्या सगळ्या सारख्याच दिसतात. कोण कोणत्या जातीची हे ओळखायला वेगळी रंगप्रक्रिया लागते, तेव्हा हव्या त्या पेशी तपकिरी उठून दिसतात.

यातल्या सीडी-8 या टी पेशी कर्कपेशीला थेट मारतात. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या गाठीत त्या भरपूर असतील, आणि कर्कपेशींच्या अगदी जवळ पोचलेल्या असतील, तर ते रुग्ण सरासरीने जास्त जगतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पुष्कळदा मात्र त्या पत्रादेवीच्या नाक्यावर अडकलेल्या ट्रकांसारख्या तंतूंच्या जाळ्यातच खोळंबलेल्या असतात. नुसती मोजणी करून म्हणूनच भागत नाही.

शिवाय सगळ्या प्रतिकारक पेशी आपल्या बाजूच्या नसतात. शरीराने स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून नियामक टी पेशी लढाऊ पेशींना आवरतात. त्यांच्या शोधाला 2025 चे नोबेल मिळाले. गाठीत त्यांची गर्दी झाली की त्या कर्करोगालाच पाठीशी घालतात. भक्षक पेशींचेही तसेच. जंतू गिळणे हे त्यांचे काम, पण गाठीच्या सहवासात त्यातल्या बऱ्याच फितूर होतात आणि गाठीला वाढायला मदत करतात. अशा पेशी जास्त असल्या तर पुढचे चित्र सहसा वाईट. ‘इम्युनिटी वाढवणारा काढा’ विकणाऱ्यांना आमचा एवढाच प्रश्न असतो: यातली नेमकी कोणती पेशी वाढवणार?

न्यूयॉर्कच्या एका गटाने 2017 मध्ये दाखवले की दीर्घकाळ जगलेल्या रुग्णांच्या गाठीत टी पेशी जास्त होत्या आणि गाठीची बदललेली प्रथिने त्यांना ओळखता येत होती. त्यातूनच प्रत्येक रुग्णाच्या गाठीवरून बेतलेली लस आली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या 16 जणांना इतर उपचारांच्या जोडीने ती दिली. आठ जणांत टी पेशी जाग्या झाल्या. उरलेल्या आठांपैकी निम्म्यांचा रोग साधारण 13 महिन्यांत उलटला. जाग्या झालेल्यांत मात्र दीड वर्षाच्या सुमारासही तेवढ्यांचा उलटला नव्हता. सोळाच माणसे, हे विसरू नका. आणि असे बहुतेक अभ्यास शस्त्रक्रिया शक्य असलेल्यांवरचे. निदानाच्या वेळी असे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच.

काही घरांत लोक साध्या रक्ततपासणीतून न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट असा हिशेब करून बसतात. हे गुणोत्तर जास्त असले की आयुष्य कमी, असे अभ्यासांत आढळते खरे. पण पित्तनलिका तुंबून जंतुसंसर्ग झाला, स्टिरॉइड चालू असले, तरी ते वाढते. कॅल्क्युलेटरवर आपल्या माणसाचे दिवस मोजू नयेत. आमच्याच खिडकीसमोर एक मुलगी तसे करताना आम्ही पाहिली आणि आमच्याने पुढे बघवले नाही.

त्यापेक्षा डॉक्टरांना एक गोष्ट विचारा: एमएमआर तपासणी झाली आहे का? शंभरात एखाद्याच गाठीत तो दोष सापडतो, पण सापडला तर टी पेशींवरचा लगाम सोडणारी औषधे देता येतात आणि काहींना त्यांचा चांगला गुण येतो. एरवी या रोगात ती औषधे फारशी चालत नाहीत.

या तपासणीसाठी नवा तुकडा काढावा लागेलच असे नाही. मेणातला जुना ब्लॉक प्रयोगशाळेत जपलेला असतो, बहुधा त्यातूनच काप घेता येतात. अर्ज करा, रिपोर्टवरचा नंबर द्या, पोच सही करून घ्या. आणि ब्लॉक घेऊन मुंबईला निघालात तर भर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो ठेवू नका. मेण आहे, मऊ पडते.