गिंडीच्या रानातली वेडी बाभूळ

चेन्नईचं गिंडी राष्ट्रीय उद्यान पावणेतीन चौरस किलोमीटरही भरत नाही. शेजारी राज्यपालांचं निवासस्थान, आयआयटी आणि चहूकडे शहर. तरीही इथे काळवीट आहेत. त्यांना मोकळं गवताळ रान लागतं. शिकारी लांबून दिसला तरच धूम ठोकता येते. त्या गवतात परकी झुडपं दाटली, की काळविटांना बाहेर सरकायला जागाच नाही.

अशा झाडांत सर्वांत चिवट वेडी बाभूळ. तमिळमध्ये सीमै करुवेलम. ही मूळची अमेरिका खंडातली. मद्रास इलाख्यातले वनाधिकारी बेडोम यांनी १८७६ मध्ये तिचं बी मागवलं. कोरड्या मुलखात जळण मिळावं, हा हेतू चांगलाच होता.

तिच्या शेंगा गोड. गुरं, हरणं आवडीनं खातात. कडक बी मात्र पचत नाही, शेणा-लेंड्यांतून बाहेर पडतं आणि रुजतं. काळविटाचा नर आपल्या हद्दीत ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो. गुजरातच्या वेळावदर उद्यानात अभ्यासकांना याच ढिगांवर वेड्या बाभळीचं बी आणि रोपं जास्त आढळली. म्हणजे हरणाच्या आवडत्या मैदानावर काटेरी झाड पेरतंय ते हरीणच! माझ्या मते रोपांचा शोध इथूनच सुरू व्हावा. पाऊस पडून गेल्यावर ढीगन् ढीग तपासावा. बोटभर रोप ओल्या मातीतून हातानं निघतं. वर्ष गेलं की कुदळ लागते, आणखी काही वर्षांनी जेसीबी. आणि जेसीबी आला की गवताची मुळंही उखडली जातात.

वरून तोडून काहीच साधत नाही. खुंटाला चारी बाजूंनी फुटवे येतात आणि एका खोडाचं झुडूप होतं. बुंध्याची गाठ जमिनीखालून काढावी लागते. घाणेरी या दुसऱ्या परक्या झुडपाचंही तसंच. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी तिच्यासाठी सोपी रीत बसवली: मूळ जमिनीखाली तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही.

तमिळनाडूनं २०२२ मध्ये आक्रमक वनस्पतींसाठी स्वतंत्र धोरण आणलं, हे फार मोलाचं. पण पैसा पहिल्या वर्षीच्या तोडीवरच संपू नये. मातीतलं बी पुढची कित्येक वर्षं उगवत राहतं. दुसऱ्या, तिसऱ्या पावसाळ्यानंतर तीच माणसं त्याच जागी परत गेली पाहिजेत, आणि त्यांची मजुरी आजच बाजूला काढून ठेवली पाहिजे.

उद्यानाबाहेरची गोष्ट वेगळी. रामनाथपुरम भागात वेड्या बाभळीच्याच कोळशावर अनेक घरं चालतात. तिथे आधी त्या घरांशी बोलावं, कुऱ्हाड नंतर.