अवकाशयात्रेचे ग्रंथ आणि आपण



अवकाशयात्रेवरचे कोणते पुस्तक आधी वाचावे, असे आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येते. आमचे उत्तर ठरलेले आहे: अब्दुल कलामांचे 'अग्निपंख'. मूळ इंग्रजी ग्रंथ १९९९ चा. तो मराठीत आणला माधुरी शानभाग यांनी. मात्र अग्निबाणांच्या धुराकडे धावत सुटू नये; वाटेत थुंब्याला थोडे थांबावे.

थुंबा हे केरळच्या किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे गाव. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त त्याच्या जवळून जाते. म्हणून वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासाला ती जागा सोयीची. ती शोधण्याच्या कामी विक्रम साराभाईंबरोबर कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस होते. तेथे एक चर्च होते, बिशपांचे घर होते आणि कोळ्यांची वस्ती होती. बिशपांनी संमती दिली, वस्ती हलली. प्रार्थनेच्या जागी प्रयोगशाळा आली, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेचा, पण यारीने ऐन वेळी दगा दिला तेव्हा तो चढविला तो माणसांच्या मनगटांनी! ही हकीकत कलामांनी रंगवून सांगितली आहे. वस्तीचे हलणे मात्र थोडक्यात आटोपते.

दुसऱ्या गावचा वाचक त्या ओळींवरून सहज पुढे जाईल. आम्हां वाशी-नेरूळकरांना ते कसे साधावे? सिडको १९७० साली स्थापन झाली. आपले शहर उभे राहिले ते ९५ गावांच्या जमिनींवर, आणि ती गावे बहुतांशी आगरी-कोळ्यांची. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर उरण तालुक्यात गोळीबार झाला. पाच जण बळी पडले. अग्निबाण उडवू नयेत, शहरे वसवू नयेत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण जागा कोणी रिकामी करून दिली, हे विचारीतच असले ग्रंथ वाचावेत.

ज्यांना इंग्रजी चालते त्यांनी अमृता शहा यांचे साराभाई-चरित्र घ्यावे. आणि पहिल्या तुकडीतल्या आर. अरवमुदन यांच्या २०१७ च्या आठवणी अवश्य वाचाव्यात. परदेशी ग्रंथांपैकी एकच सांगतो. १९६९ साली दोघे चंद्रावर उतरले तेव्हा मायकेल कॉलिन्स वर यानात एकटाच घिरट्या घालीत होता. त्याने १९७४ साली लिहिलेले आत्मचरित्र आम्हांला साऱ्या चांद्रवीरांच्या लेखनात सरस वाटते. ते आपल्या ग्रंथालयात नसेल, तर जाताना कार्यवाहांच्या वहीत मागणी नोंदवून जावे.